पावण्याचा कौल

अहो, तुमच्या कोटाला मुंग्या लागल्या.

तुम्हाला जाऊन आज बावीस दिवस झाले. काल तुमचे धाकटे भाऊ हातकणंगल्याहून आले होते, मी कशी आहे ते बघायला. निघताना दारात घुटमळले आणि खुंटीकडे बघत म्हणाले, "वैनी, दादाचा त्यो कोट ठेवायचा हाय, का न्हेऊ? थंडी लई पडलीया औंदा." मागण्यात वाईट काही नव्हतं. मीच म्हटलं, न्या, कुणाच्या तरी अंगावर असू दे. झटकून द्यावा म्हणून खुंटीवरून काढला, तर डाव्या खिशापाशी मुंग्यांची ही रांग. तांबड्या, चावऱ्या. आत हात घातला आणि वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेला गुळाचा खडा हाताला लागला. लिंबाएवढा, कुठेही न फुटलेला.

भावजींना म्हटलं, कोट नाही देत, दुसरं काहीही न्या. ते बिचारे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी कोट पोटाशी धरून स्वयंपाकघरात गेले आणि तिथे जमिनीवर बसून रडले. आधी रागानं रडले, हे सांगून ठेवते. दहा वर्षं तुम्ही मला फसवत होतात, आणि मी समजत होते की फसवते आहे ती मी!

लोक येतात, चहा घेतात आणि म्हणतात, देवमाणूस होता. मी मान हलवते. हा देवमाणूस लबाड होता हे सांगायचं कुणाला? तुमच्याशिवाय त्यातली गंमत कळणारं दुसरं कोण आहे? म्हणून तुम्हालाच सांगते. पहिल्यापासून सांगते, म्हणजे मध्येच "आसं न्हवतं झालं" म्हणायला तुम्हाला जागा राहणार नाही.

तुम्ही मोजणी खात्यातले. साखळी, झेंडे आणि नकाशाची गुंडाळी घेऊन अर्धा जिल्हा पायाखाली घातलेला माणूस. मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवणारी. दुष्काळाच्या साली खात्यानं तुम्हाला आटपाडीकडे कामावर धाडलं. दोन महिन्यांनी ट्रकमधून उतरलात ते दाढी वाढलेले, उन्हानं काळे पडलेले, आणि काखेत एक तांबडं कुत्रं. बरगड्या मोजून घ्याव्यात असं. एक कान उभा, एक पडका. मी दारातच अडवलं.

"हे काय?"

"पावणा हाय," तुम्ही म्हणालात. "दोन दिस ऱ्हाईल, खाईल-पिईल आन जाईल."

"कुठे जाईल?"

"पावण्याला आसं इचारत्यात व्हय?"

त्याचं नाव पावणाच पडलं. दोन दिवसांसाठी आलेला तो अजून इथेच आहे. आत्ता उंबऱ्यावर हनुवटी टेकून पडलाय. तुमच्या चपलांना त्यानं अजून तोंड लावलेलं नाही, फक्त त्यांच्याजवळ झोपतो.

त्याच थंडीत आपलं हिंडणं सुरू झालं. नाताळची सुट्टी लागली की माझी शाळा बंद, तुमची साठवलेली रजा, पाठीवर एक वळकटी, पिशवीत भाकरी आणि लसणाची चटणी, आणि पुढे पावणा. पन्हाळा, मसाई पठार, गगनबावडा, दाजीपूर. आपल्या गल्लीला ते मोठंच नवल होतं. माणसं सुट्टीत देवाला जातात, माहेरी जातात, लग्नांना जातात. नवरा-बायको कुत्रं घेऊन थंडीत डोंगरात कशाला जातात, ते कुणाला समजेना. शेजारच्या काकू एकदा तुमच्या तोंडावरच म्हणाल्या, "पोरबाळ न्हाई म्हणून आता कुत्र्याचं लाड व्हय?" मी जागच्या जागी थिजले. तुम्ही सायकलची साखळी पुसत होतात, वर न बघता म्हणालात, "व्हय की, काकू. बरं हाय आमचं. नापास तर हुईत न्हाई." काकूंचा मुलगा तेव्हा मॅट्रिकला तिसऱ्यांदा बसला होता. मला हसू आवरेना, आणि घरात गेल्यावर रडू आवरेना. तुम्ही दोन कप चहा केलात, त्यात साखर घालायची विसरलात, आणि आपण तो तसाच प्यायलो. मुलाबद्दल आपण यापेक्षा जास्त कधी बोललोच नाही.

एसटीत कुत्रं घेत नाहीत, यावर तुमचा पहिल्या वर्षी विश्वासच बसला नाही. दुसऱ्या वर्षी तुम्ही पावण्याला पोत्यात बसवलंत आणि तोंडाशी सुतळी सैल बांधून पोतं पायाशी ठेवलंत. राधानगरीपर्यंत सगळं सुरळीत. मग कंडक्टर तिकिटं बघत आला आणि बुटानं पोतं ढकलत म्हणाला, "पावणं, पोत्यात काय हाय?"

"बटाटं," तुम्ही म्हणालात.

आणि आपलं नाव ऐकून पावणा आतून भुंकला.

सगळी गाडी हसली. कंडक्टर हसला नाही. "बटाटं घ्या आन उतरा खाली," म्हणाला. धुकं इतकं दाट होतं की आपल्याला उतरवून निघालेली गाडी चार पावलांत दिसेनाशी झाली. आपण तिथून दाजीपूरपर्यंत चालत गेलो. तुम्ही वाटभर मला पटवत होतात की चालतच जायचं असं तुमच्या मनात आधीपासून होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच धुक्यात कारवीच्या मागे गवा उभा दिसला, बैलगाडीएवढा, नाकपुड्यांतून वाफा सोडत. शेरडांवर भुंकभुंक भुंकणारा आपला शूर पावणा तुमच्या दोन पायांच्या मध्ये शिरला. तुम्ही मला मागे ओढलंत, आणि मी बघितलं, तुमचेही पाय थरथरत होते. गवा निघून गेल्यावर तुम्ही म्हणालात, "ते कुत्र्यामुळं थरथरत हुतं." बरं, असेल.

आता भांडणाचं बोलू. प्रत्येक फाट्यावर आपलं भांडण ठरलेलं. नकाशात रेषा दाटीनं आल्या की तिथे उभा चढ असतो, हे मी मुलींना शिकवते. तुम्ही त्या रेषा बघून वळसा घ्यायचात, आणि मी त्याच रेषा बघून चढायला निघायची. "सरळ चढायचं शेरडांनी," तुमचं म्हणणं. "वळसे घालायचे ते सरकारी माणसांनी," माझं. पन्हाळ्याहून मसाई पठाराकडे जाताना एका फाट्यावर आपण अर्धा तास असे उभे होतो. भाकरी तिथेच खाऊन झाली तरी निकाल लागेना. पावणा कंटाळला, उठला, अंग झाडलं आणि डाव्या वाटेला लागला. तुम्ही टोपी काढून कपाळ पुसलंत. "झालं. पावण्यानं कौल दिला."

तेव्हापासून तोच नियम झाला. फाटा आला की मी माझ्या वाटेवर दहा पावलं जायचं, तुम्ही तुमच्या वाटेवर दहा पावलं. पावणा मधे. हाक मारायची नाही, शीळ घालायची नाही, मांडी थोपटायची नाही. तो ज्याच्याकडे जाईल त्याची वाट. नंतर कुरकुर करेल त्यानं संध्याकाळचा चहा करायचा. एवढी शिकलेली दोन माणसं, जिल्ह्याचा नकाशा हातात, आणि कुत्र्याला कौल लावून चालायची. कुणाला सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं.

लबाडी मी सुरू केली, हे कबूल करते. पुढच्या थंडीत पन्हाळ्याच्या पायथ्याला एका गुऱ्हाळावर आपण थांबलो होतो. गुळव्यानं कढईतली गरम काकवी पळसाच्या पानावर घालून दिली. तुमची काकवी जरा सांडली ती पावण्यानं चाटली. चाटता चाटता त्यानं डोळे मिटून घेतले, आणि मग पान खाल्लं, आणि मग ती मातीसुद्धा. गुळव्या म्हणाला, "वैनी, आता ह्यो घरला येत न्हाई बगा." निघताना त्यानं हातावर ठेवलेला गुळाचा खडा मी खाल्ला नाही. पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवला. त्या वर्षी सगळे फाटे मी जिंकले. पावणा माझ्याकडे आला की मी त्याला कुरवाळायच्या निमित्तानं वाकायची आणि गाठ सोडायची. तुम्ही लांबून म्हणायचात, "लई लाडावलंय, बाईमाणसाकडंच जातंय!"

पुढच्या वर्षापासून मात्र तुम्हीही जिंकायला लागलात. मला वाटलं, पावण्याला आता वाटा कळायला लागल्या. वाटा कसल्या कळतात! तेव्हापासूनच तुम्ही फाट्यावर उभे राहिलात की डावा हात कोटाच्या खिशात घालायचात आणि म्हणायचात, "लई गारठलंय की." दर फाट्यावर. दहा वर्षं. आणि मी भोळी, त्या गारठलेल्या हाताची मला दया यायची. शाळेतल्या मधल्या सुट्टीत बसून मी तुमच्यासाठी लोकरीचे हातमोजे विणले, तपकिरी, मनगटाला दुहेरी वीण. तुम्ही ते एकदाही घातले नाहीत. "बोटं आवळत्यात." मी त्यावरून दोन दिवस तुमच्याशी बोलले नव्हते, आठवतं? आता कळलं. हातमोजा घातला असता तर गूळ कसा फोडता आला असता?

तुमच्या चांदीच्या खरेदीवरूनही मी अशीच रुसले होते. तुम्ही मोजणीच्या कामावर हुपरीला होतात, आणि येताना मुठीत काहीतरी लपवून आणलंत. मला वाटलं पैंजण. मूठ उघडली तर पावण्याच्या गळ्यात बांधायचं एक घुंगरू! "धुक्यात कुटं गेला ते कळाय नको?" मी म्हटलं, "कुत्र्याला चांदी आणि बायको उघडी." तुम्ही इतके शांतपणे दुसऱ्या खिशातून जोडवी काढलीत की मला रुसणं अर्ध्यात सोडावं लागलं. जाऊबाईंनी ती जोडवी माझ्या पायांतून काढली, तुम्ही गेलात त्या दिवशी. रीत आहे, त्या तरी काय करतील. पावण्याचं घुंगरू कुणी काढलं नाही. दिवसभर घरात वाजत असतं.

आता जोतिबाचं.

आपलं हिंडणं दरवर्षी जोतिबाला संपायचं. डोंगराच्या पायथ्याला शेवटचा फाटा. एक पायवाट सरळ अंगावर चढणारी, दुसरी गाडीवाट, वळसे घेत सावकाश जाणारी. बाकीचे फाटे कधी तुमचे, कधी माझे. हा एक मी कधी हरले नाही. तुम्हाला आश्चर्य वाटायचं. आश्चर्य कसलं, या फाट्यासाठी मी मुठीएवढा खडा राखून ठेवायची, आणि आधीच्या गावापासून पावण्याला काही खाऊ द्यायची नाही.

का, ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. लग्नाला चार वर्षं झाली होती तेव्हा सासूबाईंबरोबर जोतिबाला गेले होते, आणि मनातल्या मनात बोलले होते की पदरात मूल घाल, दरवर्षी या उभ्या वाटेनं तुझ्या पायाशी येईन. मूल काही झालं नाही. मग नवस फिटला, की राहिला, की मोडला, हे मला कुणाला विचारायचं धाडस झालं नाही. वाट तेवढी धरून ठेवली. मी सोडली तर मी आशा सोडली असं होईल, असं काहीतरी वाटायचं. नंतर आशेचं वय गेलं तरी सवय राहिली. वरच्या नारळवाल्या आजी पावण्याला बघून म्हणायच्या, "काळभैरवाचं वाहन हाय, येऊ द्या त्याला," आणि त्याच्या कपाळावर गुलालाचं बोट टेकवायच्या. मग मला वाटायचं, झालं, आपल्या घरच्यालाही इथे टिळा लागला.

तुम्ही मात्र दरवर्षी गाडीवाटेसाठी हटून बसायचात. "एकदा चल की त्या वाटंनं. तिसऱ्या वळणावरनं आपलं घर दिसतंय."

"घर? इथून? मी भूगोल शिकवते, मला नका सांगू."

"मी मोजलंय."

"मग चुकीचं मोजलंय."

दहा वर्षांत एकही वर्ष हे बोलणं चुकलं नाही.

यंदा आपण कमीच चाललो. पन्हाळ्याहून निघालो तर तुम्ही दोनदा दगडावर बसलात. पहिल्यांदा बुटात खडा गेला म्हणालात. दुसऱ्यांदा काहीच म्हणाला नाहीत. मी म्हटलं, "म्हातारे झालात." तुम्ही हसलात, पण उशिरा. मी ते बघितलं होतं. हेच तर सांगायचंय तुम्हाला, मी बघितलं होतं. फाट्याशी आलो तेव्हा तुम्ही नेहमीसारखे भांडला नाहीत. घराचं काढलं नाहीत, मोजलंयचं काढलं नाहीत. नुसतं म्हणालात, "आज गाडीवाटंनं जाऊ की गं."

असं 'गं' लावून तुम्ही माझ्याकडे आयुष्यात काय मागितलं होतं? आणि मी म्हटलं, "कौल लावू."

मी दहा पावलं गेले. तुम्ही दहा पावलं गेलात, जरा कमीच. मी पदराची गाठ चाचपली आणि वळून बघितलं. तुम्ही काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होतात आणि त्या दोन्ही हातांत माझे हातमोजे होते, तपकिरी. तुम्ही ते तिथेच, फाट्यावर, वळकटीतून काढून घातले होते. मला इतका आनंद झाला! वाटलं, शेवटी घातले बाई यांनी. पावणा माझ्याकडे धावत आला. तुम्ही म्हणालात, "कौल म्हंजे कौल," आणि माझ्या वाटेला लागलात.

त्या चढावर मी पुढे होते. मी नेहमीच पुढे असायची. पावणा मधे. दर दहा-बारा पावलांना घुंगरू थांबायचं. मला मागे न बघताच कळायचं, तो उभा राहिलाय, तुमच्याकडे तोंड करून. मी खाली न बघता म्हणायची, "चल रे, येतील ते मागून." घुंगरू वाजायचं, पुन्हा थांबायचं. "चल रे, येतील ते मागून." किती वेळा म्हटलं असेन कोण जाणे. कुत्र्याला कळत होतं ते मला कळलं नाही. खरं म्हणजे कळत होतं, पण माझं लक्ष देवळाच्या पायरीकडे होतं, नवसाकडे होतं, मी यंदाही जिंकले याकडे होतं. तुम्ही वर आलात तेव्हा ओठ पांढरे पडले होते. नारळवाल्या आजींनी पाणी दिलं. तुम्ही तिथेही थट्टा केलीत. "आजी, औंदा डोंगर वाढलाय काय वं?"

त्यानंतर बारा दिवसांनी, सकाळी, तुम्ही पायरीवर बूट घालायला बसलात. एक बूट पायात, एक हातात. पावणा त्याची गळ्यातली साखळी तोंडात धरून समोर शेपूट हलवत. "जरा पाणी आण," म्हणालात. मी आणलं तोवर तुमचं डोकं चौकटीला टेकलं होतं. पावण्याची शेपूट अजून हलत होती. त्याला वाटलं, निघायचंय.

डॉक्टरांनी विचारलं, "आधी काही त्रास जाणवत होता का? दम लागणं, छाती भरून येणं?"

मी म्हटलं, "नाही."

सगळ्यांसमोर नाही म्हणाले. गेले बावीस दिवस हे एक नाही मी घशात घेऊन फिरते आहे. तुम्ही गाडीवाट मागितलीत आणि मी लबाडी करून तुम्हाला कड्यावर चढवलं. मी मनाशी ठरवून टाकलं होतं, की या माणसाला मी मारलं, गुळाच्या एका खड्यानं. आणि हे सांगायला जगात एकच माणूस होता, ज्यानं ऐकून म्हटलं असतं, "आगं, येडी का काय तू?"

आणि काल हा खडा निघाला.

मी तो हातात घेऊन तासभर बसले होते. मुंग्या हाताला चावत होत्या. म्हणजे तुमच्याकडे होता. त्या दिवशीही होता. तुम्ही नुसता खिशात हात घातला असतात, कागद सोडला असतात, तर पावणा थबकला असता. मी पन्हाळा सोडल्यापासून त्याला उपाशी ठेवलं होतं, पण तुमचा खडाही लहान नव्हता. तुम्हाला गाडीवाट हवी होती. तुमच्या छातीला ती हवी होती. मग तुम्ही हात कोंडून का घेतलात? माझे हातमोजे घालून, मला दिसतील असे काठीवर ठेवून?

माझ्या लबाडीची खबर तुम्हाला होती, एवढं मला आता कळतंय. पहिल्या वर्षीच कळलं असणार. मोजणीच्या साखळीची एक कडी वाकली तरी तुम्हाला कळायची. मग नवसाचंही कळलं होतं का? सासूबाई काही बोलल्या होत्या का? म्हणून दरवर्षी त्या एका फाट्यावर तुम्ही हरत होतात का? की यंदा नुसते दमला होतात, आणि गूळ फोडण्याएवढीही तुम्हाला ताकद नव्हती? एक काहीतरी सांगा. हे असं मधेच उठून जाणं बरोबर नाही. मी आयुष्यभर जिंकले म्हणून मिरवत होते, आणि आता कळतंय की कुणीतरी मला जिंकू देत होतं. त्याचा मला इतका राग येतो, आणि इतकं भरून येतं, की दोन्हींतलं आधी काय ते सांगता येत नाही. तुम्ही त्या दिवशी मला हरवायला हवं होतंत हो. एकदाच. मी कुरकुर केली असती, संध्याकाळचा चहा केला असता, आणि आज तुम्ही या कोटात असता.

आज पहाट सरल्यावर मी निघाले. सोबतीला राहिलेल्या जाऊबाई म्हणाल्या, "म्हैना बी झाला न्हाई, आन डोंगर?" मी कोट घातला. हो, तुमचा. मुंग्या झटकल्या, खडा तसाच ठेवला. साखर कारखान्यावरून परत निघालेल्या रिकाम्या उसाच्या ट्रकवाल्यानं पावण्याला आणि मला पायथ्याजवळ सोडलं. त्यानं कुत्र्याबद्दल एक शब्द काढला नाही. फाट्याशी आलो. पावणा सवयीनं मध्येच बसला, आधी पायवाटेकडे बघितलं, मग गाडीवाटेकडे. दुसऱ्या वाटेवर कुणी जाऊन उभं राहील म्हणून वाट बघत राहिला. माझ्या पदराला गाठ नव्हती. मी तुमच्या वाटेवर दहा पावलं गेले, कागद सोडला आणि खडा हातावर धरला. कौल म्हणजे कौल. तो आला. त्यानं गूळ हुंगला, माझ्या बाहीचा वास घेतला, बराच वेळ घेतला, आणि मग खाल्ला.

जोतिबाची उभी वाट मी आज पहिल्यांदा सोडली. देव काय म्हणायचं ते म्हणेल.

गाडीवाट खरंच सोपी आहे हो. गप्पा मारत जावं अशी. पहिल्या वळणावर करवंदीची जाळी, दुसऱ्यावर गवताच्या गंजी. तिसऱ्या वळणावर सपाट खडक आहे, दोन माणसं बसतील एवढा. मी उभी राहून बघितलं. खाली पंचगंगा, उसाची हिरवी-पिवळी रानं, गुऱ्हाळांचे धूर, आणि पार पलीकडे धुरकट पांढरा पट्टा, तेच आपलं गाव. रंकाळा ओळखू आला, पाणी चकाकलं म्हणून. त्याच्या अंगानं आपली गल्ली शोधली. डोळे पुसून पुन्हा शोधली.

घर दिसत नाही. कुणालाच दिसणार नाही इथून. मीच बरोबर होते, आणि तुम्ही दहा वर्षं खोटं बोलत होतात, मला एकदा या खडकावर आणून बसवायचं म्हणून. मी मोठ्यानं म्हटलं, "बघा, नाही दिसत." वाऱ्याला म्हटलं. तुमचं "नीट बघ की जरा" आलं नाही.

मी पुढची वाट धरली, आणि चार पावलांवर घुंगरू थांबलं. पावणा वाटेच्या मध्ये उभा होता, आल्या वाटेकडे तोंड करून, एक कान उभा, एक पडका. वळणापलीकडून कुणी तरी यायचं राहिलंय, अशी नजर.

"चल रे," मी म्हटलं. पुढचं तोंडातून येईना.

मग मी परत फिरले आणि त्याच्याजवळ खडकावर बसले. त्या दिवशी मी जितका वेळ थांबायला हवं होतं, तितका वेळ आम्ही दोघं तिथे थांबलो.